सेंट्रिनो नावाचा प्रोसेसर कधीच नव्हता

आज जरा भांडायचं ठरवलंय, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. सेंट्रिनो नावाचा प्रोसेसर जगात कधीच नव्हता. २००३ मध्ये नव्हता आणि नंतरही नव्हता. तरी त्या काळात ज्यांनी आयुष्यातला पहिला लॅपटॉप घेतला त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, "आपल्याकडे सेंट्रिनो प्रोसेसर होता" असं छातीठोकपणे सांगेल. "पेन्टियम नको, सेंट्रिनो घे" असा सल्ला ऑफिसातले जाणकारसुद्धा द्यायचे. आणि त्या सेंट्रिनोच्या पोटात असायचा कोण, तर पेन्टियमच!

आता कुणी म्हणेल, वीस-बावीस वर्षांपूर्वीची मढी आज कशाला उकरतोस बाबा? तर उकरतो अशासाठी, की तोच खेळ आज नव्या नावांनी चालू आहे. दरवर्षी पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन झाल्या की या खेळात आईबापांचे साठ-सत्तर-ऐंशी हजार रुपये लागतात. जुहू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेनटांचे बंगले येतात. पण याच जुहूत कोळीवाडा आहे, गावठाण आहे, नेहरूनगरची वस्ती आहे आणि एसएनडीटीच्या आवारात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. इथल्या कितीतरी घरांत लॅपटॉप म्हणजे बारा नाहीतर अठरा महिन्यांचे हप्ते. तो पुढे चार वर्षं, शक्य झालं तर सहा वर्षं चालायला हवा. अशा घराने स्टिकर बघून निर्णय घ्यावा अशी व्यवस्था आपण मुकाट्याने चालू देतोय. राग आहे तो त्याचा.

आधी मूळ फरक समजून घेऊ. प्रोसेसर ही एक वस्तू आहे. सिलिकॉनचा तुकडा. त्याला स्वतःचा नंबर असतो, वेग असतो, कोअर किती ते ठरलेलं असतं, कॅश किती, वीज किती खातो हे सगळं मोजता येतं. दोन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. प्लॅटफॉर्म ही वस्तू नव्हे, ती यादी आहे. हा प्रोसेसर, त्याच्यासोबत हा चिपसेट, हे वायफाय कार्ड, अशी यादी. आणि ब्रँडेड प्लॅटफॉर्म म्हणजे त्या यादीला दिलेलं एक छान नाव, त्या नावाचा बिल्ला आणि बिल्ल्याच्या जाहिरातीमागचे पैसे. लॅपटॉप बनवणाऱ्याने यादी पाळली तर त्याला बिल्ला लावायला मिळतो आणि जाहिरातीच्या खर्चाला हातभारही मिळतो. म्हणजे हा करार आहे चिप बनवणारा आणि लॅपटॉप बनवणारा यांच्यातला. तुम्ही-आम्ही त्यात कुठेच नाही. आपण फक्त बिल भरतो.

जुहू चौपाटीच्या भाषेत सांगतो. समजा भाजीवाल्याने नियम काढला, की भाजी माझी, बटर माझं आणि पावही माझ्याच बेकरीचा असेल तरच त्या ताटलीला 'पावभाजी' म्हणायचं. गाडीवाल्याने शेजारच्या बेकरीतला जास्त ताजा, जास्त लुसलुशीत पाव घेतला तर त्याने पाटीवर 'भाजी आणि पाव' एवढंच लिहायचं. वर भाजीवाला टीव्हीवर जाहिरात करणार, की पावभाजी मागा, दुसरं काही घेऊ नका. गिऱ्हाईक काय करेल? 'पावभाजी' अशी पाटी असलेल्या गाडीवर जाईल आणि ताज्या पावाचा गाडीवाला माशा मारत बसेल.

अतिशयोक्ती वाटते ना? अगदी हेच झालं. इंटेलने १२ मार्च २००३ रोजी सेंट्रिनो बाजारात आणलं. यादीत तीन गोष्टी: पेन्टियम एम प्रोसेसर, ८५५ मालिकेतला चिपसेट आणि इंटेलचंच प्रो वायरलेस २१०० हे वायफाय कार्ड. जाहिरातीसाठी ३० कोटी डॉलर काढून ठेवले होते. यातला पेन्टियम एम खरोखर सुंदर होता. इंटेलच्या हैफाच्या टीमने बनवलेला. १.६ गिगाहर्ट्झचा पेन्टियम एम २४.५ वॅटमध्ये काम करायचा आणि कित्येक कामांत ३५ वॅट खाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४-एमच्या बरोबरीने पळायचा. गिगाहर्ट्झचा आकडा म्हणजे सगळं काही नव्हे, हे लोकांना कळायची ती उत्तम संधी होती. पण कळू दिलं कुठे? एका आकड्याची अंधश्रद्धा गेली आणि तिच्या जागी एका नावाची आली.

वायफाय कार्डाची गोष्ट तर त्याहून भारी. प्रो वायरलेस २१०० हे कार्ड फक्त ८०२.११बी जातीचं, म्हणजे कागदावर ११ मेगाबिटचं. आणि त्याच वर्षी, जून २००३ मध्ये, ५४ मेगाबिटचं ८०२.११जी हे मानक मंजूर झालं. डेलसारख्या कंपन्या पेन्टियम एम घालूनच दुसऱ्या बनावटीचं जी कार्ड देत होत्या. प्रोसेसर तोच, चिपसेट तोच, वायफाय कागदावर जवळपास पाचपट वेगवान. आणि बिल्ला? नाही मिळणार. कारण पाव दुसऱ्या बेकरीचा. म्हणजे एकाच दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर ज्याच्यावर सेंट्रिनोचा बिल्ला त्यातलं वायफाय हळू, आणि ज्याच्यावर नाही त्यातलं वेगवान. इंटेलचं स्वतःचं जी कार्ड यायला २००४ साल उजाडलं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर होता. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. एमटीएनएलचं ट्राय-बँड मुंबईत आलं तेही २००५ मध्येच, आणि २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ किलोबिट होती. त्याआधी उपनगरात इंटरनेट म्हणजे डायलअप, नाहीतर केबलवाल्याने गच्चीवरून खिडकीत सोडलेली वायर. नळालाच २५६ चं पाणी असताना बादली ११ ची असो की ५४ ची, काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण मग माझा प्रश्न असा, की ज्याच्या घरी वायर होती त्याला दुकानात कुणी सांगितलं का, की बाबा रे, सेंट्रिनो म्हणून तू जे जास्तीचे पैसे देतोयस त्यातले काही त्या कार्डाचे आहेत जे तू सध्या वापरणार नाहीस? कोण सांगणार! त्याला वाटत होतं आपण 'प्रोसेसर' घेतोय.

बरं, निदान एक बिल्ला म्हणजे एक गोष्ट, असं तरी होतं का? तेही नाही. जानेवारी २००६ मध्ये 'सेंट्रिनो ड्युओ' आलं, आत कोअर ड्युओ प्रोसेसर. तो ३२ बिटचा. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कोअर २ ड्युओ आला, तो ६४ बिटचा. बिल्ल्यावर नाव तेच, सेंट्रिनो ड्युओ! पुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर ६४ बिटवर गेले तेव्हा यातला एक लॅपटॉप चालत राहिला आणि दुसरा माळ्यावर गेला. सहा-आठ महिन्यांच्या फरकाने, एकाच नावाखाली घेतलेले दोन लॅपटॉप. अजून पुढे जा. कोअर २ ड्युओ असूनही चिपसेट ९४५ मालिकेतला असेल तर ४ जीबी रॅम घालूनही जेमतेम ३ जीबीच्या आसपास वापरता यायची, कारण त्या चिपसेटला वरचा भाग दुसरीकडे हलवताच येत नव्हता. मे २००७ मध्ये ९६५ चिपसेट आला तेव्हा ही अडचण सुटली. प्लॅटफॉर्म महत्त्वाचा असतो तो इथे, मंडळी! चिपसेटचा नंबर ही खरी कामाची माहिती होती. पण प्लॅटफॉर्मच्या नावाने गल्ला भरणाऱ्या बिल्ल्याने नेमकी तीच झाकून ठेवली.

आणि या कहाणीचा शेवट ऐका. २०१० च्या जानेवारीपासून इंटेलने सेंट्रिनो हे नाव फक्त वायफाय आणि वायमॅक्स कार्डांसाठी ठेवलं. सात वर्षं लोक ज्याला प्रोसेसर समजत होते, ते शेवटी एका कार्डाचं नाव होऊन बसलं :-)

या सगळ्यात माझ्या मते एक गोष्ट आपण मुंबईकरांनी हरवली. लॅमिंग्टन रोडवर जाऊन कॉम्प्युटर जुळवून घेण्याचा जमाना आठवतो का? दुकानदार कच्च्या कागदावर कोटेशन लिहून द्यायचा. प्रोसेसर अमुक, बोर्ड तमुक, रॅम इतकी, हार्डडिस्क इतकी, एसएमपीएस, कॅबिनेट, प्रत्येकासमोर किंमत. त्या चिठ्ठीत लबाडी होऊ शकत होती, व्हायचीही, पण चिठ्ठी घेऊन शेजारच्या दुकानात जाता यायचं. ओळीला ओळ लावून भांडता यायचं. पुढे लॅपटॉप आले, एसी शोरूम आल्या. क्रोमाचं देशातलं पहिलं दुकान ऑक्टोबर २००६ मध्ये इथेच जुहूत उघडलं. वस्तू हातात घेऊन बघता येऊ लागली, पक्कं बिल मिळू लागलं, बदलून मिळण्याची खात्री आली. हे सगळं चांगलंच झालं, आणि दोष कुठल्या एका दुकानाचा नाही. पण या बदलात ती ओळीओळीची चिठ्ठी गेली. लॅपटॉप ही बंद पेटी झाली आणि पेटीवर उरला बिल्ला.

आता आजच्याकडे येऊ. मधल्या काळात 'आय-सेव्हन' नावाची नवी अंधश्रद्धा येऊन गेली. आय७-७५००यू हा २०१६ चा लॅपटॉपचा प्रोसेसर. कोअर किती? दोन! वर्षभराने, २०१७ मध्ये, आय५-८२५०यू आला, त्यात चार. पण दुकानात 'सेव्हन' मोठा, 'फाइव्ह' छोटा. याची खरी किंमत कळली १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मंडळी आहेत. म्हणजे आय५-८२५०यू यादीत, आय७-७५००यू बाहेर. बिल्ल्यावरचा मोठा आकडा बघून ज्याने जास्त पैसे मोजले त्याचा लॅपटॉप आधी म्हातारा झाला. ठरवलं कुणी? त्या लांबलचक नंबरातल्या पहिल्या आकड्याने, जो कुणी सांगत नाही.

आणि आता 'अल्ट्रा'. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने 'आय' काढून टाकला आणि कोअर अल्ट्रा आणलं. मागच्या पावसाळ्यात भाचीला लॅपटॉप घ्यायला अंधेरीतल्या एका दुकानात गेलो होतो. विक्रेता मुलगा हुशार होता, नम्र होता.

"सर, हा अल्ट्रा सेव्हन. टॉपचा आहे. एआयवाला."

"अल्ट्रा सेव्हन कळलं, पुढचा नंबर काय?"

"नंबर खाली लिहिलाय ना सर."

खाली लिहिलेला नंबर लॅपटॉपचा होता, प्रोसेसरचा नव्हे. शेवटी भाचीनेच सेटिंग्जमध्ये जाऊन बघितलं. २५५यू. शेजारच्या लॅपटॉपवर तसाच 'अल्ट्रा ७' चा बिल्ला, आत २५५एच. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, मग हे पाटीवर का नाही लिहीत?"

प्रश्न लाख मोलाचा. कारण फरक बघा. कोअर अल्ट्रा ७ २५५यू मध्ये दमदार कोअर फक्त २, बाकी १० छोटे. २५५एच मध्ये दमदार ६, छोटे १०. आणि कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही मध्ये मोठे ४, छोटे ४, शिवाय ३२ जीबी रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात चिकटवलेली, पुढे वाढवायची सोय नाही. तिघंही 'अल्ट्रा ७'. एक अभ्यास आणि ऑफिसची कामं निवांतपणे करणारा, एक प्रोग्रॅमिंगच्या जड कामाचा, एक बॅटरी पुरवून वापरणारा. तीन वेगवेगळ्या स्वभावांची माणसं आणि आडनाव एक.

वर त्यांच्यावर आणखी एक बिल्ला आला, आजचा सेंट्रिनो. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी जाहीर केलं. यादी अशी: एआयच्या कामासाठीचा एनपीयू हा भाग ४० टॉप्सचा किंवा वरचा, रॅम किमान १६ जीबी, साठवण किमान २५६ जीबी. ४७ टॉप्सवाला २५८व्ही या यादीत बसतो. २५५एच चा एनपीयू १३ टॉप्सचा, म्हणून तो नापास. आता माझ्या भाचीला करायचंय काय? कोड कंपाइल करायचाय, दोन-दोन व्हर्च्युअल मशीन चालवायच्यात. त्याला लागतात कोअर आणि वाढवता येणारी रॅम. एनपीयू त्या कामाला हातही लावत नाही. म्हणजे तिच्या कामाचा लॅपटॉप बिल्ल्याविना, आणि बिल्ला दुसऱ्यावर. २००३ ची पावभाजी पुन्हा ताटात! शिवाय नुसतं 'एआय पीसी' असं लिहिलेल्या लॅपटॉपला कोपायलट प्लसची यादी लागू असेलच असं नाही, हे वेगळंच.

केवळ इंटेललाच शिव्या घालतोय असं वाटू नये म्हणून सांगतो, एएमडीही धुतल्या तांदळासारखी नाही. २००५ मध्ये तिने ट्युरियन आणला तेव्हा ते निव्वळ प्रोसेसरचं नाव होतं, बाकीचे भाग कुणाचेही घाला. प्रामाणिक पद्धत. पण नंतर रायझन ७००० मालिकेत काय केलं? रायझन ५ ७५२०यू च्या आत झेन २ ही जुनी रचना, ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ७६४०यू मध्ये झेन ४. तिघंही 'रायझन ५, ७००० सीरिज'. खरी पिढी सांगतो तो तिसरा आकडा. तिसरा! पहिला आकडा म्हणजे नुसतं कॅलेंडर.

आता दुसरी बाजू. एक मित्र म्हणतो, "अरे, सगळे काही तुझ्यासारखे नंबर पाठ करणार नाहीत. साध्या माणसाला एक खूण हवी असते. बिल्ला ती खूण देतो." या म्हणण्यात तथ्य आहे. प्लॅटफॉर्मच्या यादीमागे तपासणी असते. २०२० मध्ये आलेल्या इंटेल इव्होच्या यादीत झोपेतून एका सेकंदाच्या आत जागं होणं आणि रोजच्या वापरात नऊ तास बॅटरी अशा अटी होत्या, आणि त्या ग्राहकाच्या खरोखर कामाच्या आहेत. सेंट्रिनोने वायफाय घरोघरी पोचवायला हातभार लावला हेही खरं.

पण मग बीईईचं तारांकन बघा. फ्रिजवर, एसीवर तारे असतात. साधा माणूस तारे मोजतो. पण त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट वीज जाईल तो आकडाही छापलेला असतो आणि ज्याला हवं तो वाचतो. ते लेबल कॉम्प्रेसर बनवणाऱ्याचं नसतं, त्यामुळे दुसऱ्याचा कॉम्प्रेसर घातला म्हणून तारा कापत नाहीत. खूण आणि आकडा दोन्ही, आणि खूण देणारा तिसराच. लॅपटॉपचा बिल्ला यातलं काहीच करत नाही. तो किमान पातळी सांगतो, तुलना सांगत नाही, आणि बिल्ला नसलेलं यंत्र का नापास झालं हे तर मुळीच सांगत नाही. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम छापणं कायद्याने सक्तीचं आहे. सत्तर हजारांच्या लॅपटॉपच्या पाटीवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर छापायला काय होतं? शाई जास्त लागते का?

माझी मागणी एवढीच आहे. दुकानातल्या पाटीवर, बिल्ल्यापेक्षा मोठ्या अक्षरात नाही तरी त्याच्याएवढ्या अक्षरात, खालच्या गोष्टी असाव्यात. त्या येईपर्यंत तुम्ही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट काढू नका:

१. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट. यू, एच की व्ही, खेळ तिथे आहे.
२. रॅम किती, सोल्डर केलेली की स्लॉटमध्ये, आणि एका चॅनेलवर की दोन. (इंटेलच्या अकराव्या पिढीत तर रॅम एकाच चॅनेलवर असेल तर 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स स्वतःला नुसतं 'यूएचडी' म्हणवून घ्यायचं!)
३. बॅटरी किती वॅट-अवरची. 'दिवसभर चालते' हे उत्तर नव्हे.
४. वायफाय कार्ड कुठल्या पिढीचं, आणि ते बदलता येतं का.
५. ज्या बिल्ल्याचे पैसे मागताय, त्याच्या यादीतली कुठली गोष्ट माझ्या कामाची आहे?

पाचव्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता मिळेल. त्या शांततेची किंमत बिलातून वजा करायला सांगा. नाही करणार ते, माहीत आहे. पण दिवसाला दहा जणांनी विचारलं तर महिन्याभरात पाटी बदलेल, कारण दुकानदार गिऱ्हाइकाचं ऐकतो, चिपवाल्याचं नाही. लॅमिंग्टन रोडच्या त्या कच्च्या कागदावर जे फुकट मिळायचं, ते एसीच्या थंडगार हवेत मागून घ्यावं लागतंय एवढंच. मागा.